चाकाचा तोल



दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे मोटारीची मोठी बडदास्त असते. सकाळी तिला न्हाऊ-माखू घालतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, झेंडूची माळ चढते. गाडी नवी कोरी असेल तर चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून ती हळूच पुढे घेतात. लिंबू फुटले की घरातली वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. या साऱ्या सोहळ्यात चाकाकडे कोणी वाकून पाहिल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. सर्वांचे लक्ष लिंबावर. लिंबावरच्या टायरला नक्षी उरली आहे, की तो संन्याशाच्या मस्तकासारखा गुळगुळीत झाला आहे, हे पाहावे असे कोणाच्याही मनात येत नाही.

आता एक साधा हिशेब पाहा. मध्यम आकाराची मोटार, आत चार माणसे आणि मागे त्यांचे सामान, असे सगळे मिळून वजन चौदाशे किलोंच्या घरात जाते. म्हणजे एका चाकावर साडेतीनशे किलो आले. टायरात तेहतीस पौंड हवा असेल तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन ते अडीच किलो भार पेलते. भागाकार करून पाहिला, तर प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग दीडशे चौरस सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. पोस्टाचे कार्ड याहून किंचित लहान असते. गाडी केवढीही दिमाखाची असो, ती धावते, वळते आणि थांबते ती अशा चार कार्डांच्या आधारावर.

गावात, खड्ड्यांतून, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हाकताना ही गोष्ट ध्यानात आली नाही तरी निभते. परंतु आता रस्ते बदलले. नागपूरहून मुंबईजवळच्या आमण्यापर्यंत जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. सरळ, काँक्रीटचा, उन्हात तापलेला रस्ता! पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या मागोमाग येऊ लागल्या. २०२३ मध्ये तर परिवहन विभागाची माणसे महामार्गाच्या तोंडाशी उभी राहून टायर तपासू लागली, झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवू लागली. म्हणून आज थोडे टायरविषयी बोलावे असे योजिले आहे. आणि टायरविषयी म्हणजे मुख्यतः तो चाकावर चढवण्याविषयी आणि चढवल्यावर चाक तोलून घेण्याविषयी. दुकानात या दोन कामांना फिटिंग आणि बॅलन्सिंग म्हणतात. मीही पुढे तेच शब्द वापरीन. मराठीचा अध्यापक असलो तरी टायरवाल्यासमोर ‘चक्रसंतुलन’ म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही.

चाकावर टायर चढवणे ही काही मोटारीबरोबर आलेली कला नव्हे बरं का. आपल्या बैलगाडीच्या चाकालाही टायर असतो. त्याला आपण ‘धाव’ म्हणतो. किती नेमका शब्द आहे हा! खेड्यात वाढलेल्या श्रोत्यांनी लोहाराच्या दारात धाव बसवताना पाहिली असेल. लोखंडी पट्टीचे ते कडे मुद्दाम लाकडी चाकाच्या घेराहून किंचित लहान करायचे. गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद झाले की फुगून मोठे होते. मग दोघा-तिघांनी ते चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवायचे, घणाचे चार ठोके द्यायचे, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत वरून पाण्याच्या घागरी ओतायच्या. चर्र करून वाफ उठते, लोखंड आवळते, आणि त्या मिठीत तुंबा, आरे आणि घेर असे काही एकजीव होतात की चाकाला मग खिळ्याची वा सरसाची गरज राहत नाही. हे खरे फिटिंग. त्या चाकाचे बॅलन्सिंग मात्र कोणी कधी केले नाही, आणि त्याचे कारण अडाणीपणा नव्हे. ते का, हे पुढे येईलच. आज ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर ज्या बैलगाड्या दिसतात त्यांनाही हवेची चाके आली आहेत, आणि लोक त्यांना सरळ ‘टायरगाडी’च म्हणतात.

हवेचे चाक कोणी काढले असे विचारले की सर्वजण डनलॉपचे नाव घेतात. हा स्कॉटिश गुरांचा डॉक्टर बेलफास्टला राहत असे. मुलाच्या तीनचाकी सायकलीला त्याने हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. पण त्याच्या आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने हवेच्या चाकाचे पेटंट घेऊन ठेवलेले होते. ते उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द झाले. नाव मात्र डनलॉपचेच राहिले. लोकस्मृतीचा न्याय असाच असतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष याहून निराळे, १८९१. त्या काळचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की ते खरवडून काढायचे, ठिगळ लावायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वाळायला रात्रभर ठेवायचे. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी त्या वर्षी काढता-घालता येणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची सायकल-शर्यत झाली आणि हे टायर लावलेला स्वार पहिला आला. टायर चाकापासून निराळा झाला, आणि मग तो चढवणारा-उतरवणारा असा एक नवा कारागीर जगात जन्माला आला.

हा कारागीर आपल्या महाराष्ट्रात पुष्कळदा केरळातून आलेला असतो. महामार्गाच्या कडेने जाताना टायरच्या दुकानांवर ‘केरळ’ हे नाव किती वेळा दिसते, ते पाहा. भारतातले नैसर्गिक रबरही बहुतांशी केरळातलेच; कोट्टयमच्या अवतीभोवती रबराचे मळेच मळे आहेत. झाडाच्या सालीला तिरकी चीर देऊन गोळा केलेला तो पांढरा चीक कारखान्यांत जातो, टायर होऊन महाराष्ट्रात येतो, आणि त्याला चाकावर चढवणारा माणूसही त्याच मुलखातून आलेला असतो, याची मला गंमत वाटते. नाशिकला मुंबई–आग्रा रस्त्याच्या कडेला मी ज्यांच्याकडे जातो ते गृहस्थ असेच. आम्ही सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणतो. केरळात थोरल्या भावाला ‘चेट्टन’ म्हणतात, अण्णा नव्हे. परंतु त्यांनी ही दुरुस्ती कधी सांगितली नाही. हाकेला ओ देतात आणि पान्याला हात घालतात.

दुकानात गेल्यावर पहिले काम वाचनाचे. टायरच्या अंगावर एक मजकूर असतो. माझ्या गाडीच्या टायरवर तो ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा आहे. वर्गात समासाचा विग्रह करतो तसा याचाही करता येतो. १८५ ही रुंदी, मिलिमीटरांत. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा पासष्ट. आर म्हणजे रेडियल, आतले धागे आडवे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारे. १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी त्रिस्थळी यात्रा. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. आणि एच हे वेगाचे अक्षर. ताशी २१० किलोमीटर. हे सारे गाडीच्या पुस्तिकेशी जुळले पाहिजे. याशिवाय एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ते कोणी वाचत नाही. मी आवर्जून वाचतो. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. भाजी निवडून घेणारा माणूस टायरची जन्मतारीख विचारत नाही, हे मला चमत्कारिक वाटते. आणि टायर झिजला कधी म्हणायचे, तेही त्याच्यावरच लिहिलेले असते. नक्षीच्या खोबणीत जागोजागी लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की त्या टायरचे आयुष्य संपले. कायद्याचेही तेच म्हणणे आहे.

आता फिटिंग. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. ते ताणत नाही. रिमची कड या कड्याहून मोठी. मग लहान कडे मोठ्या कडेवरून आत जाते कसे? लोहाराने ते जाळावर फुगवले होते. इथे तसे करता येत नाही. याचे उत्तर आपल्या कासाराला ठाऊक आहे. हाताच्या पंज्याहून लहान बांगडी तो मनगटावर चढवतो ती कशी? पंजा एका बाजूने दाबून अरुंद करतो, साबणाचे बोट लावतो, आणि बांगडी तिरकी करून सरकवतो. रिमच्या मध्यभागी एक खोलगट भाग असतो. टायरच्या कड्याची एक बाजू त्या खोलगट भागात उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढिलाई मिळते, आणि कडे तिरके होऊन रिमवरून आत उतरते. दुकानातले मशीन रिम धरून गोल फिरवते आणि त्याची वाकडी पोलादी चोच टायरची कड आत ढकलत नेते. साबण इथेही लागतोच. कोरडा टायर जोर करून चढवला की कड फाटते, आणि ती फाटलेली जागा बाहेरून कोणालाच दिसत नाही. या कडेला दुकानात ‘बीड’ म्हणतात. तिचा ना बीड जिल्ह्याशी संबंध, ना बिडाच्या तव्याशी.

चढवताना चांगला कारागीर दोन-तीन गोष्टी न सांगता करतो. जुना व्हॉल्व्ह कापून नवा बसवतो. कारण हजारोंच्या टायरमधली हवा त्या बोटभर रबरी नळीच्या भरवशावर असते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, किंवा ‘बाहेरची बाजू’ असे लिहिलेले असेल, तर ते पाहतो. नव्या टायरवर पुष्कळदा एक पिवळा ठिपका असतो. त्या जागी टायर सर्वांत हलका असतो. तो ठिपका व्हॉल्व्हशी आणून ठेवला की व्हॉल्व्हचे वजन तिथे उपयोगी पडते. अण्णांच्या हाताखालचा पोरगा हे सारे करताना कधी बोलत नाही. टायर हातात आला की आधी ठिपका शोधतो.

मग हवा. हवा भरू लागली की टायरच्या दोन्ही कडा रिमच्या काठाकडे सरकतात आणि जागेवर बसताना ‘फाट्, फाट्’ असे दोन बार होतात. दुसरा बार ऐकल्याखेरीज अण्णा नळी काढत नाहीत, आणि तो होईपर्यंत गिऱ्हाइकाला जवळ उभे राहू देत नाहीत. “सर, मागे व्हा. हवा दिसत नाही,” असे ते म्हणतात. मोटारीच्या टायरचे एवढे भय नसते. परंतु याच दुकानांत ट्रकचे टायरही येतात. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकांत टायर अडकवून ठेवायला एक पोलादी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना सुटते आणि तोफेच्या गोळ्यासारखी उडते. तिच्यापुढे माणूस असला तर वाचत नाही. यासाठी चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरावी असा नियम आहे. पिंजरा ही काही महागामोलाची वस्तू नव्हे. चार गज जोडले की झाला. तरी रस्त्याच्या कडेच्या कितीतरी दुकानांत तो नसतो आणि सतरा-अठरा वर्षांची पोरे त्या रिंगवर पाय देऊन हवा भरत असतात. आपण चहाचा घोट घेत ते पाहतो.

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. टायर आणि रिम कितीही काळजीने केलेले असोत, त्यांचे वजन सर्व बाजूंनी अगदी सारखे कधी नसते. समजा, चाकाच्या एका बाजूला वीस ग्रॅम जास्त भरले. वीस ग्रॅम म्हणजे सोनाराच्या जुन्या मापाने पावणेदोन तोळे. साडेतीनशे किलो पेलणाऱ्या चाकाला पावणेदोन तोळ्यांचे काय सुतक, असे कोणीही म्हणेल. आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी हाच प्रश्न घातला. त्यांनी खडू घेतला आणि शिक्षककक्षाच्या फळ्यावर आकडेमोड करून दाखवली. ताशी १०० किलोमीटरांच्या वेगाला माझ्या गाडीचे चाक सेकंदाला साडेचौदा फेरे घेते. रिमच्या काठाशी असलेले ते वीस ग्रॅम त्या वेगाने फिरताना चाकाला सव्वातीन किलोंची ओढ देतात. ती ओढ एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला साडेचौदा वेळा. तासाभरात बावन्न हजारांवर हिसके! वेग १२० केला की ओढ पावणेपाच किलोंच्या आसपास जाते. कारण ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट.

आणि आपली बैलगाडी? बैलाची चाल ताशी चार किलोमीटर. चार आणि शंभर यांत फरक पंचवीस पटींचा. पंचवीस पंचवीसे सव्वासहाशे. मोटारीच्या चाकात जी ओढ सव्वातीन किलो, ती बैलाच्या चालीला पाच-सहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. आपल्या सुताराने आणि लोहाराने चाकाचा तोल पाहिला नाही, कारण त्यांच्या चाकाला ती गरजच नव्हती. वेग हाच या दुखण्याचा बाप आहे.

बरे, हा बिघाडही एका प्रकारचा नसतो. जड बाजू नुसती खालीवर उसळत असेल तर ते ओळखायला सोपे. चाक मोकळ्या आसावर सोडले की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. पूर्वी पाणसळीसारखा बुडबुडा असलेल्या यंत्रावर चाक आडवे ठेवूनही हे पाहत. परंतु चाकाला जाडी असते. कावड घेऊन निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या आहेत, तराजूत घातल्या तर काटा मध्यावर. पण एक घागर पुढे ओढली जाते आहे आणि दुसरी मागे. तर तो माणूस पिळवटून निघतो. चाकाच्या आतल्या कडेला एका जागी भार आणि बाहेरच्या कडेला नेमका उलट जागी भार असला तर तेच होते. ते स्थिर असताना अगदी सज्जन दिसते आणि फिरू लागले की डुलते. म्हणून तोल फिरवूनच पाहावा लागतो, आणि वजने आत-बाहेर अशी दोन्ही कडांना लावावी लागतात.

अण्णांच्या दुकानात हे कसे होते ते सांगतो. आधी चाकावरचा चिखल धुतात आणि जुनी वजने सगळी काढतात. मग चाक मशीनच्या आडव्या दांड्यावर चढवून मधल्या भोकात शंकू बसवतात, म्हणजे ते बरोबर मध्यावर येते. मशीनला तीन मापे सांगतात: रिमचे मशीनपासूनचे अंतर, तिची रुंदी आणि तिचा व्यास. वरून झाकण पाडले की चाक गरगर फिरते, थांबते, आणि पडद्यावर दोन आकडे उमटतात, आतले आणि बाहेरचे. उदाहरणार्थ, पंधरा आणि पंचवीस. चाक हाताने हळूहळू फिरवले की नेमक्या जागी खूण दिसते. तिथे पोलादी रिमला हातोडीने चिमट्याचे वजन ठोकतात. मिश्रधातूच्या रिमला आतून चिकटपट्टीचे लावतात. पुन्हा फिरवतात. शून्य, शून्य आले की काम झाले. पाच ग्रॅमच्या आतला फरक पुष्कळ मशीने शून्य म्हणूनच दाखवतात. त्यात लबाडी नाही, एवढे हातांना कळतही नाही. परंतु मापे चुकीची सांगितली, किंवा शंकू तिरका बसला, तरी मशीन शून्य दाखवू शकते, आणि ते शून्य खोटे असते. मशीन निष्पाप आहे. त्याला जे सांगाल त्यावर ते विश्वास ठेवते. खरे-खोटे पाहायचे असेल तर चाक सैल करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे आणि पुन्हा चालवावे. शून्य टिकले तर ते खरे. हे करायला दोन मिनिटे लागतात आणि कारागिराचा रोष पत्करावा लागतो. अण्णा मात्र ते आपण होऊन करतात.

सगळी दुकाने अशी नसतात. एकदा प्रवासात एका गावी, नाव सांगत नाही, मी दोन टायर बदलून घेतले. चारही चाकांच्या बॅलन्सिंगचे पैसे पावतीवर लावलेले होते. मशीनवर मात्र दोनच चाके चढली, आणि तीही जुनी वजने न काढता. मी समोरच उभा होतो, म्हणून विचारले. “मागच्या चाकांना लागत नाही, साहेब,” असे उत्तर आले. पैसे लागतात, बॅलन्सिंग लागत नाही! पुढच्या चाकाची थरथर स्टिअरिंगवर हाताला कळते, मागच्या चाकाची बसण्याच्या जागेतून कळते, एवढाच फरक. शेवटी चारही चाके मशीनवर चढली. पण मी आत पंख्याखाली बसलो असतो तर पावती तीच असती.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते, तर आधी चाकाचा तोल पाहावा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, किंवा टायर एकाच कडेला झिजतो, तर चाकांची दिशा चुकली आहे. ते अलाइनमेंटचे काम. पहिल्या दुखण्यावर दुसरे औषध घेऊन पैसे देऊन येणारे कितीतरी लोक मला ठाऊक आहेत. थरथरीची आणखी एक लकब अशी की ती ठरावीक वेगालाच जोरात येते आणि त्यापुढे कमी होते. झोपाळ्याला त्याच्या तालावर धक्का दिला की तो उंच जातो. बेतालाने दिला तर जात नाही. चाकाच्या टांगणीलाही तिचा असा एक ताल असतो. १२० ला थरथर थांबली म्हणून ‘वेगात गाडी छान चालते’ असे म्हणणारे लोक भेटतात. ओढ तिथे वाढलेलीच असते. हाताला कळत नाही, बेअरिंगला कळते, सांध्यांना कळते, आणि टायर ठिकठिकाणी चट्टे पडल्यासारखा झिजू लागतो.

हल्ली हवेऐवजी नायट्रोजन भरण्याची टूम आहे. त्याचे गुण असतील. विमानांच्या टायरांत तो भरतात. पण आपल्या साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट आहे. नायट्रोजन भरून सहा महिने मापच न पाहण्यापेक्षा साधी हवा भरून पंधरवड्याला पाहिलेली शतपट चांगली. समृद्धीसारख्या रस्त्यावर टायर फुटतो त्याचे एक मोठे कारण कमी हवा हे असते. हवा कमी, की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि उठतात. त्याने आतून उष्णता वाढते, आणि शेवटी धागे रबरापासून सुटतात. हवेचे माप सकाळी, गाडी चालवण्याआधी घ्यावे. किती भरायची ते टायरवाल्याला विचारू नका. चालकाच्या दाराच्या खांबावर लहान चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर लिहिलेले आहे. टायरच्या अंगावर जो हवेचा आकडा असतो तो कमाल मर्यादेचा, भरण्याचा नव्हे.

दोनच टायर नवे घेतले तर ते कुठे लावायचे? आपल्याकडे सर्रास पुढे लावतात. टायर करणाऱ्या कंपन्या सांगतात, मागे लावा. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि चालक वेग कमी करून सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ते सावरणे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. पावसाळ्यात कसारा घाट उतरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तोलाची ती लहान वजने पूर्वी सर्रास शिशाची असत. काही दुकानांत अजून असतात. युरोपात मोटारींसाठी त्यांवर बंदी आली आणि जस्ताची व पोलादाची आली. चाकावरून निसटलेले शिशाचे वजन रस्त्यावर पडते, चाकांखाली भरडले जाते, त्याची धूळ होते. दुकानात तर जुन्या वजनांचा डबा भरलेलाच असतो. त्यातले निवडून, हातोडीने सरळ करून, पोरे तीच पुन्हा वापरतात आणि त्याच हातांनी वडापाव खातात. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पोराला हाक मारून त्याचे हात पाहिले. पुढच्या खेपेला गेलो तर नळाशी साबण ठेवलेला दिसला. पोलादाची वजनेही आता मागवली आहेत. थोडी महाग पडतात, म्हणाले.

राहिली स्टेपनी. हा शब्द आपण इंग्रजी समजून वापरतो. पण आज इंग्रज माणसाला स्टेपनी म्हटले तर त्याला लंडनचा एक भाग आठवेल. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, दोघा डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक विकायला काढले. त्यांच्या देशात तो शब्द मागे पडला. आपण तो अजून रोज बोलतो. सांगायचे ते हे की दुकानात जाल तेव्हा चार चाकांबरोबर पाचव्याचीही हवा पाहून घ्या. त्याची आठवण रात्री दोन वाजता, रस्त्यात, येऊन उपयोग नसतो.

चाके परत लावताना नट एकामागून एक गोलाकार आवळीत जायचे नसतात. समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसते. हवेवर चालणाऱ्या गनने काम झटपट होते, पण ती गरजेपेक्षा जास्त आवळते. मग रस्त्यात पंक्चर झाले की नट आपल्या पान्याने हलत नाही, माणूस पान्यावर उभा राहून नाचतो. शेवटचा पीळ मापाच्या पान्याने द्यावा. तेवढा आवळला की तो टक् करून सांगतो. आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा येऊन नट पाहून घ्यावेत, कारण नव्याने बसवलेले चाक थोडे बसते. पावतीवर हे छापलेले असते. फार थोडे लोक परत जातात. मी गेल्या महिन्यात गेलो. अण्णांनी चारही चाकांच्या नटांवरून मापाचा पाना फिरवला. पंधरा नटांनी लगेच टक् केले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला आणि मग बोलला. “झाले, सर,” म्हणून त्यांनी पाना पुसला. मी किती द्यायचे म्हणून विचारले, तोवर ते बाहेर थांबलेल्या कांद्याच्या ट्रककडे वळले होते.